बीपी उभे राहून मोजला का?

दवाखान्यात बीपी कसा मोजतात ते जरा आठवून पाहा. स्टुलावर बसवतात, दंडाला पट्टा गुंडाळतात, फुगवतात, केसपेपरवर आकडा लिहितात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. बाहेर रांग लागलेली असते, त्यामुळे डॉक्टरांचाही नाइलाज असतो. पण ज्याची तक्रारच "उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते" अशी आहे, त्याचा बीपी बसवून मोजला तर दुखणे सापडणार कसे? बसलेला असताना तो माणूस ठणठणीत असतो. त्याचे दुखणे उभे राहिल्यावर सुरू होते.

आपल्या वस्त्यांत अशी घरे शोधायला फार लांब जावे लागत नाही. आजोबांना बारा-पंधरा वर्षांपासून साखर आहे. पहाटे संडासला जायला उठतात आणि दोन पावलांवर धाडकन कोसळतात. घरचे म्हणतात, वय झाले, अशक्तपणा आला. कोपऱ्यावरचा डॉक्टर सलाईन लावतो. सलाईनने खरोखरच बरे वाटते, कारण रक्तवाहिन्यांत पाणी भरले की काही तास बीपी सावरतो. तेवढ्याने मूळ दुखणे झाकले जाते. महिन्याभराने आजोबा पुन्हा पडतात. या वेळी खुबा मोडतो आणि अंथरूण धरावे लागते. मग डोक्याचा एमआरआय, मानेचे स्कॅन, त्यासाठी उसनवारी. एमआरआय नॉर्मल येतो, आणि घरच्यांना वाटते की काहीच नाही. असे का होते ते आज पाहू, कारण जी तपासणी आधी व्हायला हवी ती जवळजवळ फुकट आहे.

न सांगता चालणारा कारभार

हात उचलायचा तर आपण मनात आणतो आणि हात उचलला जातो. पण हृदयाचे ठोके, घाम, पोटाची हालचाल, लघवीची पिशवी, डोळ्यातल्या बाहुलीचे लहान-मोठे होणे हे सगळे आपल्याला न विचारता चालते. ज्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर हा कारभार चालतो त्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी १८९८ साली तिला हे नाव दिले. तिच्या दोन मुख्य शाखा आहेत. एक शरीराला पळायला-लढायला तयार करते, दुसरी शांत करते, पचवते, भरून काढते. दोघींची ओढाताण सतत चालू असते आणि त्या ओढाताणीतच आपली तब्येत सांभाळली जाते.

आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. नळाचा दाब कमी झाला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसे डोक्याला रक्त कमी पडायला हवे. ते पडत नाही, कारण मानेच्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणारी टोके असतात. दाब उतरल्याचे ती मेंदूच्या देठाला कळवतात. तिथून हुकूम सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थोडे जोरात धावते. काही सेकंदांत काम होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर हे तंतू झिजतात. पायाला मुंग्या येणे, तळपाय बधिर होणे हे बहुतेकांना माहीत असते. तीच झीज आतल्या तंतूंचीही होते, हे मात्र कोणी सांगत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा विषय काही मोजक्या माणसांपुरता नाही. पार्किन्सन म्हणजे कंपवात, बी-१२ ची कमतरता, अनेक वर्षांचे दारूचे व्यसन, कुष्ठरोग यांतही हे तंतू बिघडतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर घाम येत नाही, तो कोरडा राहतो. त्याचे कारण हेच.

तपासणी कशी करायची

लागते काय? बीपीचे मशीन, एक खाट किंवा सतरंजी, घड्याळ आणि शेजारी उभा राहणारा एक माणूस. मशीन घरी नसेल तर आशाताई किंवा महापालिकेच्या दवाखान्यातील सिस्टर यांना विनंती करा.

पेशंटला पाच मिनिटे सपाट झोपवा. बोलू देऊ नका. झोपलेल्या स्थितीत बीपी आणि नाडी मोजून लिहा. पट्टा दंडाला तसाच ठेवून त्याला उभे करा. एका मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. दर वेळी बीपीचे दोन्ही आकडे आणि नाडी लिहायची. उभे असताना हात खाली लोंबकळू देऊ नका, शेजारच्याने तो छातीच्या पातळीवर धरून ठेवावा. लोंबकळत्या हाताचा बीपी खोटा जास्त येतो आणि पडलेला बीपी लपतो. मध्येच चक्कर आली तर तपासणी तिथेच थांबवून लगेच झोपवा. शक्यतो ही मोजणी सकाळी करा, कारण हा त्रास सकाळी जास्त असतो. पोटभर जेवणानंतर तासाभराने पुन्हा एकदा केली तर आणखी चांगले. काहींचा बीपी जेवल्यावरच पडतो.

आता आकडे वाचू. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर उभे राहिल्यावर बीपी पडण्याचा आजार आहे असे डॉक्टर धरतात. झोपून मोजलेला बीपीच फार वाढलेला असेल तर वरच्या आकड्यात ३० ची घसरण पाहतात.

पण खरी गोष्ट नाडीत आहे, आणि ती बहुतेक केसपेपरवर लिहिलेलीच नसते. बीपी पडला आणि नाडी जोरात वाढली, तर तंतू आपले काम करीत आहेत, कमी रक्ताचे किंवा पाण्याचे आहे. जुलाब, उलट्या, रक्तस्राव, कमी पाणी पिणे, लघवीची गोळी अशी कारणे शोधायची. बीपी पडला आणि नाडी जवळजवळ जिथल्या तिथे राहिली, तर संशय तंतूंवर घ्यायचा. समजा आजोबांचा झोपून बीपी १५०/८६ आणि नाडी ८२ आहे. उभे राहून तीन मिनिटांनी ११६/७०, नाडी ८८. वरचा आकडा ३४ ने उतरला आणि नाडी वाढली फक्त ६ ने. निरोगी शरीराने एवढी घसरण पाहून हृदयाला पळायला लावले असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून सोपा हिशेब मिळाला आहे: नाडीतली वाढ ही वरच्या आकड्यातल्या घसरणीच्या निम्म्याहूनही कमी असेल, तर बिघाड मज्जातंतूंचा असण्याची शक्यता मोठी. इथे ३४ चे निम्मे १७, आणि नाडी वाढली ६. एक लक्षात ठेवा. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोलसारख्या गोळ्या नाडीला लगाम घालतात. त्या चालू असतील तर हा हिशेब फसतो, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांसमोर ठेवावीत.

गोळ्यांचे आणखी एक आहे. साखरेच्या पेशंटचे पाय जळतात म्हणून रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिली जाते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन दिली जाते. दोन्ही उपयोगी गोळ्या आहेत आणि दोन्ही उभ्याचा बीपी पाडतात. पायाचा डॉक्टर वेगळा, लघवीचा वेगळा, बीपीचा वेगळा, आणि तिघांनाही एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीत नसतात. पेशंट मात्र एकच असतो आणि तो रात्री उठून पडतो.

त्याहून अवघड पेच असा की, याच पेशंटचा झोपून किंवा बसून मोजलेला बीपी पुष्कळदा वाढलेला असतो. डॉक्टर तो आकडा पाहून गोळी वाढवतात. गोळी वाढली की उभ्याचा बीपी आणखी खाली. घरचे म्हणतात, "एक डॉक्टर बीपी हाय सांगतो, दुसरा लो सांगतो, कोणावर विश्वास ठेवायचा?" दोघेही खरे बोलत असतात. म्हणूनच झोपून आणि उभे राहून असे दोन्ही आकडे एकाच कागदावर हवेत. मात्र घरी मोजले, पडलेला दिसला, म्हणून आपल्या मनाने बीपीची गोळी बंद करू नका. कुठली कमी करायची, कुठली रात्री द्यायची हा निर्णय डॉक्टरांनाच घेऊ द्या.

मुलीला चक्कर येते

आता दुसऱ्या घरात जाऊ. सतरा वर्षांची मुलगी, कॉलेजला जाते. सकाळी उठली की छाती धडधडते, डोके हलके होते, रांगेत दहा मिनिटे उभी राहिली की हातपाय कापतात. ईसीजी नॉर्मल, बीपी नॉर्मल. कोणी म्हणते अभ्यासाचे टेन्शन, कोणी म्हणते नाटक, आणि एखादी शेजारीण हळूच भगताचे नाव सुचवते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, पण भगताचे नाव सुचवणे काही थांबले नाही.

या मुलीलाही झोपवून-उभे करून मोजा, पण तीन मिनिटांवर थांबू नका, दहा मिनिटांपर्यंत जा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोरोनापासून पुष्कळ घरांत पडून आहे. त्यावर नाडी दिसते. बीपी न पडता नाडी दहा मिनिटांत ३० ने वाढली, १२ ते १९ वयात ४० ने वाढली, आणि असा त्रास तीन महिन्यांपासून असेल, तर त्या आजाराला 'पॉट्स' म्हणतात. १९९३ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तो याच नावाने मांडला. बहुतेक पेशंट तरुण मुली आणि बायका असतात. कोरोना होऊन गेल्यावरही काहींना तो झाल्याचे जगभर दिसले आहे.

पण 'पॉट्स'चा शिक्का मारण्याआधी आपल्याकडे एक गोष्ट तपासलीच पाहिजे: हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. रक्त कमी असले की उभे राहताच नाडी पळते. थायरॉईड वाढला, ताप असला, पाळीत अंगावरून जास्त जात असले तरी पळते. आणि पाण्याचे काय? संडास लांब आहे, रात्री दिवा नाही, बाहेर टवाळ पोरे बसलेली असतात, म्हणून आपल्या बायका-मुली संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. सकाळी त्यांची नाडी पळणार नाही तर काय होणार? डॉक्टरांना हेही सांगितले पाहिजे. ते विचारणार नाहीत, कारण त्यांच्या घरात संडास आहे.

मूर्च्छा की फिट?

साधी मूर्च्छा ही स्वायत्त मज्जासंस्थेची तात्पुरती गफलत असते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहिल्यावर, उकाड्याच्या सभागृहात, इंजेक्शनची सुई किंवा रक्त पाहून माणूस कोसळतो, तेव्हा शांत करणारी शाखा जरुरीपेक्षा जास्त जोर करते. हृदय मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात. आधी मळमळ, जांभया, घाम, डोळ्यांपुढे धुके अशी सूचना मिळते. आडवे पडताच डोक्याला रक्त मिळते आणि माणूस एक-दोन मिनिटांच्या आत शुद्धीवर येऊन ओळखीने बोलू लागतो. त्या वेळी हातापायाला दोन-चार झटकेही येऊ शकतात. तेवढे पाहून मिरगी ठरवली जाते, कांदा-चप्पल हुंगवली जाते आणि पुढे वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या चालतात. मुलीच्या लग्नाच्या वेळी तो शिक्का किती महाग पडतो हे सांगायला नको.

मिरगीत जिभेची कड चावली जाते, झटके जास्त वेळ चालतात, आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. त्यामुळे पडताना पाहणाऱ्याची साक्ष डॉक्टरांना मशीनपेक्षा मोलाची. पेशंटसोबत ज्याने पाहिले त्यालाच पाठवा. मोबाईलवर व्हिडिओ काढता आला तर उत्तम. मूर्च्छा आलेल्याला धरून बसते करू नका, आडवे ठेवा, पाय उंच करा. मात्र धावताना किंवा काम करतानाच शुद्ध गेली, आधी छातीत धडधड किंवा दुखणे होते, झोपलेल्या स्थितीत शुद्ध गेली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक वारले असेल, तर ती साधी मूर्च्छा समजू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा.

महाडचा डॉक्टर आणि विंचू

या मज्जासंस्थेचा बिघाड ओळखायला मोठे मशीन लागतेच असे नाही, याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, मरत असत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर पेशंटजवळ बसून निरीक्षण करीत राहिले. उलटी, अंगभर घाम, गार पडलेले हातपाय, आधी चढलेला आणि मग कोसळणारा बीपी, शेवटी फुप्फुसात पाणी. विषामुळे स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठते हे त्यांनी या खुणांवरून ताडले. १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे त्यांनी प्राझोसिन ही गोळी वापरली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. गंमत पाहा, हीच प्राझोसिन एरवी उभ्याचा बीपी पाडणाऱ्या गोळ्यांत मोडते. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अचानक बिघडणाऱ्यांत गुलियन बारी, म्हणजे जीबीएस, हेही येते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला त्याची साथ आली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. त्यात पायांची ताकद जाते हे सर्वांनी ऐकले, पण बीपी आणि नाडी एकदम वरखाली होणे हाही त्यातला मोठा धोका आहे. अशा पेशंटला चालता येत असले तरी डॉक्टर दाखल करून मॉनिटरवर ठेवतात, ते त्यासाठी. "चालतोय तर कशाला ठेवता" म्हणून घरी आणू नका.

मोठ्या चाचण्या

घरच्या मोजणीत संशय आला तर पुढे काय? १९७०-८० च्या दशकांत एडिंबरोचे डॉ. डेव्हिड युइंग यांनी साखरेच्या पेशंटसाठी पाच साध्या चाचण्यांचा संच पक्का केला. तोच आजही वापरतात. ईसीजी चालू ठेवून मिनिटाला सहा श्वास या गतीने खोल श्वास घ्यायचा. आत घेताना नाडी वाढते, सोडताना कमी होते. हा फरक १५ किंवा जास्त असावा, १० किंवा कमी असेल तर तंतू बिघडलेले समजतात. वय वाढले की हा फरक आपोआप कमी होतो, म्हणून आकडा डॉक्टरांनीच वाचावा. दुसऱ्या चाचणीत नळीत १५ सेकंद जोराने फुंकायचे. ही युक्ती इटलीच्या वालसाल्वा या वैद्याने १७०४ साली कानासाठी सांगितली होती, ती आता हृदयाच्या तंतूंसाठी उपयोगी पडते. बाकी तीन म्हणजे उभे राहताच नाडी कशी बदलते, उभ्याचा बीपी, आणि मूठ दाबून धरल्यावर खालचा बीपी किती चढतो.

मूर्च्छेचे कारण सापडत नसेल तर टिल्ट टेबल. पट्ट्यांनी बांधून टेबलासह पेशंटला ६० ते ७० अंशांत उभे करतात आणि अर्धा-पाऊण तास नाडी-बीपी पाहतात. १९८६ पासून ही चाचणी रुळली. प्रत्येकाला ती लागत नाही. घामाच्याही चाचण्या आहेत. अंगावर पूड लावून घाम येईल तिथे रंग बदलतो, पण ती सोय फार थोड्या ठिकाणी असते.

काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मेंदूविकार विभागात किंवा शरीरक्रियाशास्त्र विभागात या चाचण्या होतात. तिथे 'ऑटोनॉमिक फंक्शन टेस्ट' असे विचारा. चाचणीच्या दिवशी चहा, तंबाखू, मिसरी, विडी काही नको. नाडीवर त्याचा परिणाम होतो. गोळ्या घ्यायच्या की नाही ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

लाजेने राहून जाणाऱ्या गोष्टी

पोटात थोडे खाल्ले तरी तुडुंब वाटणे, बद्धकोष्ठ आणि मध्येच रात्रीचे जुलाब, लघवी पूर्ण न होणे, पाय कोरडे आणि जेवताना मात्र चेहऱ्यावर घाम, पुरुषाला ताठरता न येणे, या सगळ्या याच तंतूंच्या तक्रारी असू शकतात. माणसे त्या वेगवेगळ्या समजतात, अर्ध्या लाजेने सांगतच नाहीत. बाईमाणसाने पुरुष डॉक्टरसमोर लघवीचे बोलायचे कसे, म्हणून सिस्टरजवळ तरी बोला. दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. साखर एकदम उतरली की एरवी कापरे भरते, घाम सुटतो. तंतू झिजले की ही सूचनाच मिळत नाही. आणि हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो, घाम येतो, गळून जायला होते. जुन्या साखरेच्या पेशंटला असे अचानक झाले तर "गॅस झाला" म्हणून सोडा पाजत बसू नका, ईसीजी काढायला न्या.

निदान होईपर्यंत एवढे करा: अंथरुणातून थेट उभे राहू नका. आधी कुशीवर, मग काठावर पाय सोडून दोन मिनिटे बसा, पोटऱ्या हलवा, मग उठा. उठण्याआधी दोन मोठे पेले पाणी बऱ्याच जणांना उपयोगी पडते. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र पाणी आणि मीठ डॉक्टरांना विचारूनच. रात्री म्हाताऱ्या माणसाजवळ लघवीसाठी भांडे ठेवा, त्यात कमीपणा नाही.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर तीन ओळी लिहून न्या. पहिली: झोपून बीपी आणि नाडी. दुसरी: उभे राहून एका मिनिटाने. तिसरी: तीन मिनिटांनी. खाली चालू गोळ्यांची नावे. मोठ्या वयात होणारा मधुमेह म्हणजे टाइप २ असेल तर ज्या वर्षी तो कळला त्याच वर्षापासून, आणि लहानपणी होणारा टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर, ही तपासणी दरवर्षी करून घ्यावी.